विसळलेले चंचुपात्र

मित्रांनो, जवळ येण्याआधी नाक धरा. मी एक जुने चंचुपात्र आहे, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसेच काचेचे. माझी चोच जराशी फुटली आहे आणि माझ्या पोटात काय काय पडले ते आठवले की मला अजून मळमळते.

मी भट्टीत जन्मले. लालबुंद गोळ्यात हवा फुंकली, अंगावर मापाच्या रेघा छापल्या आणि मला एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर पाठवले. तेव्हा मी इतके नितळ होते की पलीकडचे अक्षर माझ्यातून वाचता यायचे.

तिथे मी संशोधन करणाऱ्या एका ताईचे लाडके झाले. ताई दोन धातू एकजीव करायची, पण वितळवून नाही. माझ्यात ती पॅलेडियमच्या क्षाराचे तपकिरी पाणी ओतायची, मग कोबाल्टच्या सायनाइड-क्षाराचे फिकट पिवळे पाणी. धातूंचे अणू सायनाइडच्या पुलांनी एकमेकांचे हात धरायचे आणि पाण्याची जेली व्हायची. मग ताई मला चक्क उलटे करायची. जेली पडली नाही की पास! ती वाळवून, नायट्रोजन सोडलेल्या भट्टीत तापवली की पूल मोडायचे आणि मोडता मोडता धातूंना इलेक्ट्रॉन देऊन जायचे. मागे उरायचे मिश्रधातूचे कण, इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर वाटावा.

मला धुवायच्या मावशी. घासून झाले की मला उजेडात धरायच्या. पाणी एकसंध ओघळले तर ठीक. एक जरी थेंब अंगाला चिकटून थांबला तर म्हणायच्या, "अजून घाण आहे गं बाई," आणि पुन्हा ब्रश घ्यायच्या.

मग मावशी बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर गेल्या आणि माझे दिवस फिरले. शेजारच्या टेबलावर बसायचा नंतरदादा. त्याचे खरे नाव कुणाला आठवत नाही, कारण कशालाही त्याचे उत्तर एकच, "नंतर करतो." त्याचा कप घाण होता, म्हणून त्याने दुधाचा चहा घेतला माझ्यात! वर मला तीन दिवस बेसिनमध्ये ठेवले. साय वाळली, तिच्यावर हिरवी लव उगवली, कुणीतरी चघळलेले च्युइंगम काठाला चिकटवले. शी. मला स्वतःचीच किळस येऊ लागली.

चौथ्या दिवशी ताई घाईत आली. डबीत पॅलेडियमचा क्षार चिमूटभर उरला होता आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावले होते, "या वेळी नमुना निघाला नाही तर हे काम बंद."

"दादा, हे धुतलंय का?"

"हो गं, विसळलंय."

घाईत ताईला 'हो' तेवढे ऐकू आले. मी ओरडू शकले असते तर! च्युइंगम गेले होते, पण साईचा पातळ थर माझ्या तळाला तसाच होता. ताईने निम्मा क्षार ओतला. संध्याकाळी मला उलटे केले आणि गुठळ्यांचे पाणी तिच्या चपलांवर पडले.

"दादा, यात काय होतं?"

"काही नाही. चहा. पण विसळलं होतं मी."

"चहा? अरे, मी यात सायनाइड घालते."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "मला काही होईल का?"

"चार दिवस झाले ना? तुला काही नाही झालं. माझं काम मात्र आडवं झालं."

दुसऱ्या सकाळी मावशी परतल्या. त्यांनी मला चार वेळा घासले, उजेडात धरले आणि ताईच्या हातात दिले. उरलेल्या निम्म्या क्षाराची जेली झाली. ताईने मला उलटे केले तेव्हा दादासुद्धा शेजारी येऊन उभा होता. जेली हलली नाही. काही दिवसांनी सरांनी नमुन्याचा आलेख पाहिला आणि म्हणाले, "चालू ठेव."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे: विसळणे आणि धुणे यांतला फरक ओळखा. कुणी 'विसळलंय' म्हणाले की भांडे उजेडात धरा.

आता बेसिनमध्ये माझ्या शेजारी नंतरदादाचा कप असतो. मला त्याची फार दया येते. तो अजून विसळलेलाच आहे.