हेझलच्या मुळाशी बर्फ

"माजा ऐक," साहेबांची गाडी पुसत ड्रायव्हर अलीमियाँ म्हणाला. "दोन दिस बर्फ घालू नको. झाडा सुकली का खलास. तू मोकला."

गुंडूने गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीवर दगड हाणला. बहरीनमधल्या बुदैया गावच्या या बंगल्यात माळी होऊन त्याला पाचवं वर्ष लागलं होतं. इतक्या वर्षांत त्याने कणकवलीचं तोंड पाहिलं नव्हतं. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमकडे, आणि मॅडमचा जीव हेझलमध्ये.

हेझल म्हणजे विलायतेत मॅडमच्या गावी कुंपणाला आपसूक वाढणारं झुडूप. त्याला कडक कवचाचं, गोडसर गराचं फळ धरतं. ते खायला म्हणे खारी येतात, पाखरं येतात. तसं कुंपण आपल्या दारात हवं, या हट्टापायी मॅडमने विमानातून रोपं आणली. थंडीतलं झाड बहरीनच्या उन्हात लावलेलं बघून शेजारीपाजारी हसले. पण गुंडूच्या हाताला गुण होता, आणि तोच त्याच्या मुळावर आला. त्याने खजुराच्या झावळ्यांचा मांडव घातला, बुंध्याशी पालापाचोळा अंथरला, उन्हाळाभर दुपारचा बर्फ घातला. झुडपं तगली. फळ एकही धरलं नाही, पण पांढऱ्या गालांचे बुलबुल येऊ लागले, आणि तेवढ्यावर मॅडम खूश. खूश झालेली मालकीण माळ्याला रजा देत नाही, हे गुंडूला फार उशिरा कळलं.

त्यात त्याने एक घोडचूक करून ठेवली होती. रोपं लावली त्या दिवशी गावच्या रिवाजाप्रमाणे नारळ फोडून त्याने जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. इथला राखणदार कुठल्या धर्माचा कोण जाणे, पण नारळाला कोण नाही म्हणतो? "बा राखणदारा, ही झाडां जगव. माझो हात असापर्यंत एक पान सुकाक देवचंय नाय." गाऱ्हाण्याला होकार द्यायला दुसरं माणूस लागतं. अलीमियाँ रत्नागिरीचा, त्याला रीत ठाऊक. "व्हय महाराजा" त्यानेच म्हटलं होतं.

आता मालूचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक लेक, वैशाखातला मुहूर्त. गुंडू मॅडमपुढे जाऊन उभा राहिला.

"नो लीव्ह, गुंडू. समर के बाद जाओ," मॅडम नोकरांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाली.

"मॅडम, शादी समर में है."

"तो शादी भी समर के बाद करो."

तिच्या मनात खोट नव्हती. तिला तो खरोखरच सोपा उपाय वाटला होता.

"राखणदाराक शब्द दिलंय मी," गुंडू शेवटी अलीमियाँला म्हणाला.

"राखनदार येनार हाय का तुज्या पोरीचा कन्यादान करायला?"

हे मात्र जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी पोटदुखीचा निरोप धाडून गुंडू खोलीत पडून राहिला. तिसऱ्या दिवशीही उठला नाही. पण दुपारी त्याला राहवेना.

मांडवाखाली पानं गुंडाळून काळपटली होती. मधल्या झुडपात बुलबुलाचं घरटं उघडं पडलं होतं. पिलांवर ऊन येऊ नये म्हणून पाखरू पंख पसरून त्यांच्यावर उभं होतं, चोच उघडी टाकून धापा टाकत. गुंडू हातभर अंतरावर गेला तरी ते हललं नाही. गुंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली लेक उजवायला आपण दुसऱ्याची लेकरं उन्हात घातली. तो धावत लादी घेऊन आला, हातानेच बर्फ फोडून मुळाशी लावला, अंगातला सदरा भिजवून घरट्यावरच्या फांद्यांना बांधला.

मॅडम बाहेर आली. तिने पानं पाहिली, गुंडूचे लालभडक हात पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले.

"देखा? तुम दो दिन बीमार, और ये हाल. अब मैं तुमको कैसे छोड़ूँ?"

गुंडूने मान खाली घातली. दार त्याने आपल्याच हाताने लावून घेतलं होतं आणि बोल लावायला दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून त्याने रजेचं नाव काढलं नाही.

लग्नाच्या दिवशी तिकडे दुपार होत आली तेव्हा इकडे अजून सकाळ होती. गुंडू आंघोळ करून, नवं धोतर नेसून झुडपांपाशी आला. अलीमियाँने गाडी तशीच सोडली आणि झारी भरून आणली.

"थय कन्यादानाक भाव माझ्या जाग्यार बसतलो," गुंडू म्हणाला. "मालूची आवस पाण्याची धार धरता. हय ता काम तू कर."

अलीमियाँने डोक्याला रुमाल बांधला आणि झारी तिरकी केली. गुंडूने ओंजळ पुढे केली. पाणी ओंजळ भरून बोटांतून गळत हेझलच्या आळ्यात जाऊ लागलं. वरच्या फांदीवर पिलं चिवचिवत होती.

झारी रिकामी झाली.

"झाला?" अलीमियाँने विचारलं.

"मालू गेली," गुंडू म्हणाला, आणि ओले हात तसेच पुढे धरून उभा राहिला.