दिवस एकशे बत्तीस, व्यायाम

डॅरल प्रुएटने पहिली थप्पड मारली तेव्हा त्याची सहा वर्षांची लेक लिडी हातात कागद धरून उभी होती. शाबासकीची वाट बघत होती बिचारी. थप्पड तिला नव्हती, तिच्या आईला होती. मार्ला खुर्चीसकट मागे गेली आणि तिचं डोकं फ्रीजवर आपटलं. फ्रीजवर चिकटवलेले पोरींचे कागद, ज्वालामुखीचं चित्र, सातचा पाढा, सगळे भराभर खाली पडले.

"हे काय आहे?" डॅरलने विचारलं. आवाज अगदी शांत होता. हा माणूस ओरडला की घर सुटकेचा श्वास टाकायचं, कारण ओरडण्यावर भागायचं. आवाज खाली आला की त्या दिवशी कुणाची धडगत नसायची.

"नकाशा आहे, डॅडी," लिडी म्हणाली. "भूगोल. दिवस एकशे एकतीस."

शुक्रवार होता, दुपारचे चार वाजले होते. प्रुएटांच्या घरी शुक्रवारी चार वाजता डॅरल दगडखाणीतून यायचा, बूट न काढता टेबलाशी बसायचा आणि पोरींचं आठवड्याचं काम बघायचा. घरीच शाळा घेणाऱ्यांमध्ये ही पद्धत असते. आई शिकवते आणि बाप हेडमास्तर म्हणून मिरवतो. डॅरलच्या कॉफीच्या मगवर तसं लिहिलेलंही होतं. मगाची किनार मार्लाच्या भुवईवर आपटून उडाली होती, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

ही घरची शाळा सुरू झाली त्याला दोन वर्षं झाली होती. थोरली केझाया तेव्हा दहाची होती. तिच्या दंडावरच्या बोटांच्या निळ्या वळांबद्दल बाईंनी वर्गात विचारलं आणि दुसऱ्या दिवशी डॅरलने पोरीचं नाव शाळेतून काढलं. "शिकव घरीच. तुला काय काम असतं?" म्हणाला. मार्लाला काही सुचत नव्हतं. मग इंटरनेटवर तिला एक फुकट अभ्यासक्रम सापडला. कुणातरी आईनेच स्वतःच्या पोरांसाठी मांडलेला. वर्षाचे एकशे ऐंशी दिवस, प्रत्येक दिवसाला नंबर, आणि प्रत्येक विषयापुढे रिकामी चौकट. काम झालं की चौकटीत खूण करायची. केझाया त्यावर अपूर्णांक शिकली, लिडी अक्षरं लावायला शिकली, आणि खरं सांगायचं तर मार्लाही बरंच शिकली. सकाळचे ते चार तास तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे वाटले होते.

डॅरल रोज तिचा फोन उघडून बघायचा. कुणाचा फोन आला, कुणाला मेसेज गेला, सगळं. ओसरीवर कॅमेरा होता, त्यातलं अंगण त्याला खाणीत बसून दिसायचं. गाडीची चावी त्याच्याच खिशात. पोरींच्या अभ्यासाची पानं मात्र तो कधी उघडायचा नाही. बायकापोरांचा अभ्यास बघायला त्याच्याकडे शुक्रवारची दहा मिनिटं होती, त्यातली पाच तो जांभया द्यायचा.

म्हणून मार्लाने त्या पानांतच आपलं काम घुसवलं. तसाच नमुना, तसेच नंबर, तशाच चौकटी, घरच्या प्रिंटरवर छापलेलं. भूगोल: घरापासून मिस ऑपलच्या गाडीपर्यंतचा नकाशा काढ. भाषा: ओढा कसा ओलांडावा, याच्या सूचना लिही. व्यायाम: कोठार, ओढा, पलीकडचा काठ, पळत जा, वेळ लाव. ऑपल स्ट्राउड ओढ्यापलीकडे राहायची. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. मासे धरता धरता काठावरून मार्लाशी चार शब्द बोलायची, त्यातच सगळं ठरलं होतं. तीन आठवडे झाले, तिची निळी गाडी काठावर उभी होती आणि चावी गाडीतच होती.

पोरी रोज अंगणातून पळताना डॅरलला कॅमेऱ्यात दिसायच्या. "ऑलिंपिकला पाठवतेस का गं यांना?" म्हणून तो हसला होता. हसू दे, मार्लाला तेच हवं होतं. सोमवारी पोरी पळतील, मागून तीही पळेल, आणि खाणीत बसलेल्या हेडमास्तरला तो व्यायामाचा तास वाटेल. लिडीला सुरुवातीला सात मिनिटं लागायची. ओढ्यात सात दगड होते, त्यातला पाचवा शेवाळलेला. त्यावर ती रोज घसरायची. मग तो सोडून चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारायला शिकली आणि साडेचार मिनिटांवर आली.

सोमवार आता तीन दिवसांवर होता. आणि मार्लाकडून चूक झाली ती अशी, की नमुना उतरवताना तिने त्यातली शेवटची ओळही उतरवली. मूळ अभ्यासक्रमात प्रत्येक आठवड्याच्या शेवटी ती असायची, चौकटीसह: हे काम घरातल्या मोठ्या माणसाला दाखव. शंभर वेळा वाचून नजरेला दिसेनाशी झालेली ओळ. केझाया शहाणी, तिने तिची पानं गादीखाली ठेवली. लिडीने आयुष्यात एकही चौकट रिकामी सोडली नव्हती.

डॅरलने कागद टेबलावर सपाट केला. वाचायला तो सावकाश, पण वाचत होता. घर, कोठार, सात दगड, निळी गाडी. खाली लिडीच्या गोल अक्षरात: गाडीत बसायचं. दार लॉक करायचं. हॉर्न दाबायचा आणि थांबायचं नाही. लिडी, ४ मिनिटं ३० सेकंद.

"कुठे निघाली होतीस, मार्ला?"

"खेळ आहे रे तो. पोरींचा व्यायाम."

"खेळाला गाडी लागते? दार लॉक करायला लागतं?" तो उठला. "माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच पोरीकडून मला नकाशा दाखवतेस? इतका बावळट वाटलो?"

आता थप्पड नव्हती, मूठ होती. ती मार्लाच्या तोंडावर बसली आणि एक दात जिभेवर आला. केझाया सिंकजवळ थिजून उभी होती. मार्लाने दात थुंकला आणि वर्गात सांगतात त्या आवाजात म्हणाली, "केझी. व्यायाम."

 पोरीने एका हाताने लिडीचं मनगट धरलं, आणि दुसऱ्या हाताने शेगडीवर चिकटवलेलं टायमर दाबलं. तास सुरू करताना ती रोज तेच करायची. जाळीचं दार आपटलं.

४:३०, ४:२९.

"ए! कुठे चालल्या? परत या!" डॅरल दाराकडे धावला. मार्लाने जमिनीवरूनच त्याच्या पायाला मिठी घातली आणि पोटरीचा लचका तोडला. तो बोंबलला. दुसऱ्या पायाने त्याने तिच्या बरगड्यांत लाथ घातली, मग आणखी एक. खाणीतले लोखंडी टोकाचे बूट. बरगडी मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. ४:०२. आता कोठारापाशी असतील.

"सोड! सोड म्हणतो ना, रांडे!"

ती सोडत नाही म्हटल्यावर त्याने तिला फरफटत नेलं, केस धरून, टेबलाला वळसा घालून, भिंतीवरच्या रायफलीपर्यंत. तिच्या गालाखाली ज्वालामुखीचं चित्र चुरगळलं. ३:१५. रायफल काढायला त्याला दोन्ही हात लागले आणि केस सुटले. मार्ला उठली. शेगडीवर बिडाच्या जड तव्यात डुकराची चरबी तडतडत होती, रात्रीच्या जेवणाची ग्रेव्ही करायची होती. तिने कापडसुद्धा घेतलं नाही. तळहात भाजून निघाला, पण तवा तिने धरला, आणि डॅरल वळला तसा सगळा त्याच्या मानेवर आणि कानावर उलटा केला.

असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बारा वर्षांत असा आवाज नेहमी तिच्याच तोंडून यायचा. तिला आनंद झाला, आणि तो झाला हे लपवायचं काही कारण नाही.

२:२०.

रायफल मात्र त्याने सोडली नाही. आंधळ्यासारखा दस्ता फिरवला आणि तिचा उजवा हात कोपराखाली कटकन मोडला. दुसरा फटका खांद्यावर बसला. ती खाली पडली आणि डाव्या हाताने त्याचे दोन्ही गुडघे कवटाळले. आता तिला काही जिंकायचं नव्हतं. फक्त लिडीने पाचव्या दगडावर पाय ठेवायचा नव्हता, आणि तोवर या माणसाने या स्वयंपाकघरात राहायचं होतं. १:३०. "उडी मार, राणी," ती जमिनीला तोंड लावून पुटपुटत होती. "चौथ्यावरून सहाव्यावर. चौथ्यावरून सहाव्यावर."

"मारून टाकीन! तुलाही आणि त्या ओढ्यापलीकडच्या थेरडीलाही!"

"मार ना," मार्ला म्हणाली. "सावकाश मार. मला घाई नाही."

त्याने मारलं. पाठीत, कमरेत, डोक्यात. आकडे तिला धूसर दिसायला लागले. मग टायमर किंचाळलं आणि किंचाळतच राहिलं. मार्लाचा हात सुटला.

तो तिला ओलांडून बाहेर गेला.

ती कशी उठली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मोडका हात पोटाशी धरून ती पायऱ्या उतरली. कोठारापाशी आली तेव्हा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, मध्ये श्वासही न घेता. पोरींनी सूचना तंतोतंत पाळल्या होत्या. मार्ला रडत हसली.

मग गोळी सुटली. आणि हॉर्न बंद पडला.

तिथून ओढा शंभर पावलांवर होता. ती शंभर पावलं मार्ला चालली नाही, सांडत गेली. एकदा पडली, पुन्हा उठली. देवाला तिने काय काय कबूल केलं, काय काय शिव्या दिल्या, ते देवालाच ठाऊक.

डॅरल ओढ्यात गुडघ्यांवर होता. पाचव्या दगडावरच्या शेवाळावर त्याच्या बुटाची लांब घसरण उमटली होती. तो धडा हेडमास्तरने केलाच नव्हता. मांडीत छर्रे घुसले होते, भोवतीचं पाणी लाल वाहत होतं, आणि रायफल हातभर अंतरावर तळाशी दिसत होती. पलीकडच्या काठावर सत्तरीची ऑपल स्ट्राउड डोक्यात केसांच्या गुंडाळ्या घालून छऱ्यांची बंदूक रोखून उभी होती.

"माझ्या पोरी आहेत त्या!" डॅरल ओरडला. "दे माझ्या पोरी!"

"बस सुटली, डॅरल," ऑपल म्हणाली. "पाचवीत होतास तेव्हाही असाच बोंबलत मागून धावायचास. आणि त्या बंदुकीकडे पुन्हा हात नेलास, तर आत्ता दिला तो प्रसाद पोटात देईन." मग तिची नजर मार्लाकडे गेली आणि आवाज बदलला. "ये गं बाळा. पोरी धड आहेत. ओरडून ओरडून हॉर्नवरून हात काढवला मी त्या थोरलीचा, निघतच नव्हता."

निळ्या गाडीच्या काचेमागे दोन डोकी दिसत होती. दार लॉक होतं. आई आल्यावरही केझायाने ते लगेच उघडलं नाही. आधी आईच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, मग उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात शेरीफचा माणूस आला. पोरसवदा होता, नुकती मिसरूड फुटलेला. डॅरल दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात पलंगाला बेडी घालून पडला होता, हे त्याने सांगितलं. मग प्लास्टिकच्या पिशवीतला चुरगळलेला कागद काढला. त्यावर बुटाचा ठसा होता आणि रक्त वाळलं होतं.

"बाई, हा कागद कशाचा आहे?"

"शाळेचा," मार्ला म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते.

लिडी केझायाच्या पाठीमागे लपली. "मी दाखवला म्हणून झालं ना?" तिने तिथूनच विचारलं. "ममा, मी दाखवला म्हणून मारलं ना त्यांनी तुला?"

"इकडे ये. शेवटच्या चौकटीपुढे काय लिहिलं होतं?"

"हे काम घरातल्या मोठ्या माणसाला दाखव."

"ते कुणी लिहिलं?"

लिडीने बोटाने आईकडे दाखवलं.

"मग चूक कुणाची? माझी. आणि मारलं त्याने, तो गुन्हा त्याचा. तुझं काहीच नाही. तू अभ्यास केलास. तुझ्या त्या अभ्यासावरच आपण तिघी जिवंत आहोत. कळलं?"

 लिडीने कागदाकडे पाहिलं. मग पुढे आली आणि शेरीफच्या माणसाला विचारलं, "तुम्ही मोठे आहात?"

त्याने जरा विचार केला. "आहे, असं वाटतं."

लिडी ताठ उभी राहिली, शुक्रवारी टेबलासमोर राहायची तशी. पिशवीवरून बोट फिरवत तिने सगळं सांगितलं. हे घर, हे कोठार, हे सात दगड, पाचव्यावर पाय ठेवायचा नाही. ही मिस ऑपलची गाडी. त्याने टोपी काढून हातात धरली होती. तिचं सांगून झालं. खोलीत कुणी कुणाला मारलं नाही. ती तशीच उभी राहिली, खांदे आक्रसून, वाट बघत.

"शाबास," तो म्हणाला.

तेव्हा कुठे लिडी रडायला लागली.