खंडेरावांचं डकोटा पाण्यावर

एखादी गोष्ट जमणार नाही असं कुणी सांगितलं, की प्रतिभा ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि करायला लागायची. वाद घालण्यात वेळ दवडणं तिच्या स्वभावात नव्हतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचं छोटं वर्कशॉप होतं. बाहेरून आलेले लोखंडाचे नि ॲल्युमिनियमचे सुटे भाग तिथं घासून, गुळगुळीत करून परत जायचे. आधी हे वर्कशॉप तिच्या वडिलांचं, खंडेरावांचं. ती त्यांना नाना म्हणायची. आता मशीन, माणसं आणि कटकटी तिच्याकडं आल्या होत्या, आणि खंडेराव दाराशी खुर्ची टाकून चुका काढायचं काम बघत होते.

वर्कशॉपच्या छताला एक विमान टांगलेलं होतं. दोन इंजिनांचं मालवाहू डकोटा, खंडेरावांनी हलक्या लाकडात स्वतः बांधलेलं, रिमोटवर उडणारं. खऱ्या विमानापुढं खेळणंच, पण पंखांसकट दारातून आत न्यायचं म्हटलं तर तिरकं धरावं लागायचं. दर रविवारी ते वसाहतीमागच्या मैदानावरून उडायचं. पुढं मैदानात प्लॉट पडले, तारेचं कुंपण आलं आणि विमान हुकाला लागलं. प्रतिभानं दुसरी जागा दाखवली तर खंडेरावांना ती लांब वाटायची. जवळची दाखवली तर खडबडीत निघायची, आणि सपाट असली तर वरून विजेच्या तारा गेलेल्या असायच्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं. पण नानांबद्दल असं म्हणायला प्रतिभाची जीभ रेटत नव्हती, कारण तिला उडवायला शिकवलं ते त्यांनीच.

विमान उडत नाही याचं तिला तेवढं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते रविवारचं. पूर्वी नाना भल्या सकाळी दाढी करून, टोपी घालून तयार असायचे आणि उशीर झाला म्हणून तिच्या नावानं शंख करायचे. आता रविवारी ते दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहत, आणि उठले तरी दाढी करत नसत. प्रतिभाला तो रविवारचा माणूस परत हवा होता. बाकी विमान वगैरे निमित्त.

जमीन मिळत नसेल तर पाणी आहे, असं तिनं एक दिवस ठरवून टाकलं. निफाडच्या पुढं तिच्या आत्याचं, कुसाबाईचं मोठं शेततळं होतं. द्राक्षबागेसाठी खोदलेलं, तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, आजूबाजूला ना झाड ना तार. चाकं काढायची, त्या जागी होडीसारखे दोन लांबट फ्लोट बसवायचे, म्हणजे विमान पाण्यावरूनच धावेल आणि पाण्यावरच उतरेल. खऱ्या डकोटालाही कधीकाळी असे फ्लोट लावून पाहिले होते, हे तिला ठाऊक होतं.

खंडेरावांना हे सांगितल्यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चाकं कापली तर ते माझं विमान नाय," ते म्हणाले. "मग तुझं तू बघ. मी त्याला बोट लावायचा नाय."

प्रतिभानं मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी चाकं कापली.  आता मागं फिरायची वाट नव्हती. पाण्यावरून उठलं तर विमान, नाही तर नानांच्या हातचं एक लाकूड तिनं बिघडवलेलं.

थर्माकोल कोरून तिनं फ्लोट घडवले, वर फायबरग्लासचं कापड नि रेझिन चढवलं. फ्लोटच्या तळाला, विमानाचा तोल जिथं साधतो त्याच्या जरा मागं, एक पायरी ठेवावी लागते. पुढचा तळ त्या पायरीपाशी एकदम तुटतो, आणि वेगात धावताना पाणीही तिथंच तळाला सोडून देतं. पायरीची कड धारदार असेल तरच हे होतं. कड गोल झाली तर पाणी वळून मागच्या भागाला चिकटतं आणि विमानाला सोडत नाही. प्रतिभानं ती कड अशी राखली की कागद कापला जावा. फ्लोटमुळं नाक भरकटू नये म्हणून शेपटीखाली एक जास्तीचा पंख लावला. फ्लोट भगवे रंगवले. खंडेराव खुर्चीतून वर्तमानपत्राआडून बघत होते. 

रविवारी प्रतिभा विमान टेम्पोत ठेवत होती, तेव्हा खंडेराव दाढी करून बाहेर आले. विमानाशी आपला काही संबंध नाही, कुसाबाईकडं द्राक्षं खायला चाललोय, असं त्यांनी न विचारता सांगितलं. द्राक्षं संपून महिना झाला होता. प्रतिभानं पुढची सीट पुसून दिली.

कुसाबाई तळ्याच्या बांधावर उभीच होती. खंडेरावांची ही थोरली बहीण तोंडानं फटकळ. तिला भावापेक्षा तळ्याच्या कागदाची काळजी जास्त होती, आणि कागदाला भोक पडलं तर दोघांनाही तळ्यात बुडवीन, हे तिनं पाणी द्यायच्या आधी बजावून घेतलं. प्रतिभानं आत्याला विश्वास दिला. तो तिच्याजवळ नेहमीच भरपूर असायचा.

विमान पाण्यावर ठेवलं तेव्हा ते इतकं डौलात तरंगलं की कुसाबाईसुद्धा वाकून बघायला लागली. प्रतिभानं रिमोटवरची दांडी पुढं सरकवली. दोन्ही पंखे घोंगावले, विमान सुटलं, मागं पाण्याच्या दोन रेघा उठल्या आणि तळ्याचं दुसरं टोक आलं. विमान पाण्यातच. वळवून आणलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. शेपटी खाली ओढल्यासारखं, म्हैस डबक्यातून उठायला नको म्हणते तसं ते पाण्याला धरून बसलं होतं.

"बदक झालंय त्याचं," कुसाबाई म्हणाली. खंडेराव बांधावर पाठ करून बसले होते, पण त्यांचे कान इकडंच होते.

प्रतिभानं विमान काठाला घेतलं, उलटं केलं आणि पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट अडलं नाही. कड गोल होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या मापाची, लोण्यासारखी गोल. दुसऱ्या फ्लोटचीही तशीच. तिनं पुन्हा बोट फिरवलं. अशी गोलाई नुसत्या हातानं, पॉलिश पेपरवर, न चुकता देणारा माणूस साऱ्या सातपुरात एकच होता आणि तो बांधावर पाठ करून बसला होता.

खंडेरावांच्या हाताखाली जो कुणी शिकला, त्याला पहिला धडा हाच मिळायचा, की धार राहिलेली वस्तू टेबलावरून खाली उतरता कामा नये. कुणाचं बोट कापेल, कुठं अडकेल, तिथून तडा जाईल. हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला आणि पोरीच्या हाडात मुरवला. मग पोरीनंच केलेल्या कामाची कड उघडी दिसल्यावर त्यांच्या जिवाचं काय झालं असेल, ते प्रतिभाला लगेच कळलं. तिला राग यायला हवा होता. आला तो आनंद, कारण बोट लावायचा नाही म्हणणाऱ्या माणसानं तासभर तरी मांडीवर घेऊन तिचे फ्लोट घासले होते.

"नाना," ती म्हणाली, "पायरीची धार तुम्ही घासली का?"

खंडेराव वळले नाहीत. "तू जेवायला गेली होती. काम उघडं टाकून गेली. मला बघवलं नाय."

"ती धार ठेवायची होती. पाणी तोडायला."

आता मात्र ते वळले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना धार ठेवायची असते असं सांगत होतं, आणि तीही त्यांची मुलगी. त्यांनी फ्लोटकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. मग कसलेल्या कारागिराला जे समजायला वेळ लागत नाही ते त्यांना समजलं. त्यांचं तोंड पडलं. कुसाबाईला मात्र हसू आवरेना. लहानपणी यानं आईची विळीसुद्धा बोथट केली होती, असं ती सांगत सुटली.

प्रतिभा कामाला लागली होती. आत्याकडून तेलाचा रिकामा डबा घेतला, त्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, कानशीनं एक बाजू खरवडली आणि पायरीच्या कडेला चिकटवल्या. पत्रा तळाच्या केसभर खाली राहील असं बघितलं. मग कड सरळ केली, अगदी वस्तऱ्यासारखी. खंडेराव शेजारी येऊन उकिडवे बसले होते. चिकटवलेलं वाळत होतं तेव्हा त्यांचा हात नकळत कानशीकडं गेला. प्रतिभानं कानस उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवली. त्यांनी हात मागं घेतला आणि पहिल्यांदा हसले.

या खेपेला विमान सुटलं ते अर्ध्या तळ्यातच उचललं गेलं. आधी पाण्याची सळसळ बारीक झाली, मग फ्लोट नुसते टोकावर आले, मग पाणी सुटलं. भगवे फ्लोट घेऊन डकोटा बांधावरून गेलं, द्राक्षबागेवरून वळलं आणि उन्हात चकाकत परत आलं. कुसाबाईनं पदर तोंडाला लावला. हे होणारच, हे प्रतिभाला ठाऊक होतं. तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि रिमोट खंडेरावांपुढं धरला.

"घ्या. आता मैदानाची अडचण नाही."

खंडेरावांनी हात मागं नेले. तोंडावरचं हसू गेलं होतं. "नको," ते म्हणाले. आणि ती पुढं काही बोलायच्या आत, तळ्याकडं बघत, हळू आवाजात म्हणाले, "मैदान गेलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं, प्रतिभा. डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा झाला, पेपर वाचता येतो. पण ते वर गेलं का निस्ता ठिपका. येतंय का जातंय, कळत नाय. माझ्या हातानं फोडायचं नव्हतं मला ते."

प्रतिभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी जमीन दाखवली, तारा नि खड्डे ऐकून घेतले, आणि माणूस खरं काय ते एकट्यानं गिळत होता. ते पाणी पुसायला वेळ नव्हता, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि विमान बागेच्या टोकाला पोचलं होतं. तिनं एका हातानं त्याला वळवलं, दुसऱ्या हातानं रिमोटचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून नानांच्या गळ्यात घातला.

"मी बघते आणि सांगते," ती म्हणाली. "तुम्ही उतरवा. बॅटरी संपत आलीय, लवकर करा."

"फुटंल."

"नाही फुटत. विमान आपल्याकडं तोंड करून येतंय. विमानाची डावी बाजू थोडी खाली घ्या. बास."

खंडेरावांचे अंगठे दांड्यांवर गेले. पहिली हालचाल घाबरलेली होती, विमान हिसका खाऊन कललं. प्रतिभानं आवाज चढवला नाही. सरळ करा, म्हणाली. आता बांध येतोय, ताकद कमी करा, आणखी कमी. आता नाक किंचित वर. डोळे मिटून माणूस घरातल्या घरात चालावा, तसे त्यांचे हात हळूहळू आपल्या जागा ओळखू लागले. बांध ओलांडून विमान खाली आलं, तेव्हा प्रतिभा बोलायची थांबली. पुढचं त्यांनीच तिला शिकवलेलं होतं, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. आणि एवढ्या जवळ आल्यावर खंडेरावांनाही ते दिसत होतं. पाण्यापासून वीतभर वर त्यांनी ते धरून ठेवलं, धरून ठेवलं आणि अलगद सोडलं. पाण्यावर दोन सरळ रेघा पडल्या. विमान सावकाश थांबलं आणि तरंगत राहिलं.

 कुसाबाईला या वेळी तळ्याच्या कागदाची आठवणही झाली नाही.

खंडेराव रिमोट गळ्यात तसाच ठेवून उभे होते. प्रतिभानं विमान दोरीनं काठाला ओढलं आणि रिमोट घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"बॅटरी बदल," ते म्हणाले. "आणि आता उठवायचं पण मी. तू निस्तं सांग."