शून्याच्या रेघेखाली

मी क्षारमापक बोलतोय, आणि रागावून बोलतोय. हे आधीच सांगितलेलं बरं.

मला वाटलं होतं, इथे ओळीनं मांडलेल्या स्वच्छ टाक्या असतील. काम झालं की मला धुऊन मऊ फडक्यावर ठेवतील. मिळाला तो एक खिळा. माशांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मोरीच्या वर. एका बाजूला फाटकी जाळी, दुसऱ्या बाजूला काकांची छत्री.

मला इथे आणलं ते काकांच्या पुतणीनं. ती दूरदेशी जाऊन माशांचे आजार शिकली. निघताना तिच्या शिक्षकांनी मला तिच्या हातात दिलं आणि तिनं मला लोकरी मोज्यात गुंडाळलं. बॅग बंद करताना म्हणाली, "तिकडे मासे आजारानं कमी आणि अडाणीपणानं जास्त मरतात. आपण दोघं ते थांबवू." मी विश्वास ठेवला. काचेचा होतो, नवा होतो.

माझी घडण साधी आहे. काचेची नळी, पोटात शिशाचे छर्रे, मानेत आकड्यांची पट्टी. गोड्या पाण्यात सोडलं तर मी बरोबर शून्याच्या रेघेपर्यंत बुडतो. पाणी खारट असेल तितका वर येतो. यापलीकडे मला काही येत नाही, पण खाडीच्या माशांसाठी तेवढंच लागतं. त्यांना गोडं पाणी सोसत नाही, अचानक खारं केलेलंही सोसत नाही. त्यांना हवं मचूळ पाणी, तेही रोज सारखं.

काकांच्या दुकानात मात्र सगळ्या माशांना एकच पाणी होतं आणि सगळ्या आजारांना एकच औषध. निळ्या रंगाची मोठी बाटली. अंगावर पांढरे ठिपके आले, निळं. शेपूट झडलं, निळं. मासा मेला तर म्हणायचं, निळं टाकायला उशीर झाला.

"काका, आधी पाणी बघायचं. मग मासा. औषध सगळ्यात शेवटी," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"बरं, डॉक्टरीणबाई. आणि गिऱ्हाईक कधी बघायचं?"

काका वाईट नव्हते. तीस वर्षं तेच करत आले होते, एवढंच. खाडीचे मासेही ते खुशाल गोड्या पाण्यातले म्हणून विकायचे. कारण लोकांच्या घरी गोडंच पाणी असतं.

असाच एक मासा त्यांनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांना विकला होता. हिरव्या पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, रागावला की चेंडूसारखा फुगणारा. आजोबा त्याला फुगोबा म्हणायचे. आजी गेल्यापासून घरात दोघंच. आजोबा कामाच्या टेबलाशी बसले की तो काचेला नाक लावून त्यांचे हात बघत राहायचा.

दोन वर्षांनी आजोबा त्याला बादलीतून घेऊन आले. पोट काळपट, पर चिकटलेले, खाणं बंद. काकांचा हात बाटलीकडे गेला. तिनं तो धरला. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीनं अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात एकही जंतू नव्हता. मग मला बादलीत सोडलं. मी शून्यावर उभा राहिलो.

"याला आजार नाही, आजोबा. याला खाडी पाहिजे," ती म्हणाली.

त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला.

तिनं फुगोबाला मागच्या खोलीतल्या टाकीत ठेवलं. दर दोन दिवसांनी थोडं समुद्री मीठ विरघळवायची, मला सोडायची, आकडा वहीत लिहायची. दोन, मग तीन, मग चार. पोट पांढरं झालं, पर उघडले. आठव्या दिवशी त्यानं कडकड आवाज करत गोगलगाय फोडून खाल्ली. आजोबा दुकानात उभे राहून हसले. मग बातमी पसरली. लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन पुन्हा पुन्हा येऊ लागले. ती दिवसाला दहादहा बाटल्यांतलं पाणी तपासायची आणि सगळ्यांना सांगायची, किती मीठ टाका, कधी टाका.

आणि मला धुणं तिनं सोडलं.

इथून माझा राग सुरू होतो. टाकीतून काढायची, अॅप्रनला पुसायची, खिळ्याला अडकवायची. दुकानाच्या पाण्यात चुना फार. प्रत्येक वेळी तो माझ्या अंगावर वाळला आणि एकावर एक बसत गेला. मी जड झालो. जड नळी खोल बुडते. पाणी सात झालं तरी मी पाच दाखवू लागलो. नऊ झालं तरी पाच. मला ओरडता येत नाही. मी खोटं बोलत होतो आणि माझ्या तोंडी ते खोटं तिनं घातलं होतं.

तिला सातापर्यंत न्यायचं होतं, पण आकडा पाचावरून हलेना म्हणून तिनं मीठ वाढवलं. मग रोज टाकू लागली. पाणी साफ ठेवणारे जिवाणू फिल्टरमध्ये असतात, ते एवढा बदल सोसेनात. फुगोबा वर येऊन धापा टाकू लागला. तिनं पुन्हा सूक्ष्मदर्शक काढला, पुन्हा काही सापडलं नाही. वहीत पाच, पाच, पाच. वहीवर तिचा पूर्ण विश्वास. मग तिनं काय करावं? तिनं निळी बाटली उचलली.

काका दारात उभे होते. "शेवटी आलीस ना ताळ्यावर," ते म्हणाले.

ज्याच्या अंगावर खवलेच नाहीत त्या माशाला औषध किती जपून द्यायचं, हे तिनंच काकांना शिकवलं होतं.

दुकान बंद होताना आजोबा आले. वाकून बराच वेळ टाकीत बघत राहिले. फुगोबानं एक डोळा त्यांच्याकडे वळवला, हलला नाही. मग आजोबांनी मला खिळ्यावरून काढलं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि नखानं माझा चुना खरवडला.

"बाळ, हे तुम्ही कशाशी ताडून बघता?"

"म्हणजे? ते तिकडून आणलेलं आहे, आजोबा. चांगल्यातलं आहे."

"असेल. चांगलं घड्याळसुद्धा मागे पडतं. मी रोज सकाळी दुसऱ्या घड्याळाशी लावतो."

त्यांनी प्यायच्या पाण्याचा उंच पेला घेतला आणि मला त्यात सोडलं. मी बुडत गेलो. शून्याची रेघ पाण्याखाली गेली, तरी मी बुडतच होतो. तिनं पाहिलं. वही मिटली.

तिनं बारीक नळीनं गोडं पाणी थेंबथेंब सोडायला सुरुवात केली. घाईनं सोडलं असतं तर तो लगेच गेला असता. हळू सोडलं आणि तो पहाटे गेला.

"वय झालं होतं म्हणून सांग," सकाळी शटर वर करता करता काका म्हणाले. "दोन वर्षं जगला, कमी का? आत्ता कुठे तुझं नाव होतंय, पोरी."

ती मोरीशी उभी राहून मला व्हिनेगरमध्ये घासत होती. इतकी जोरात, की मला वाटलं फुटतो आता. फुटलो असतो तरी चाललं असतं. मग तिनं मला साध्या पाण्यात सोडलं. मी शून्यावर उभा राहिलो. तिला रडू फुटलं. मला तिची कीव आली नाही, अजून येत नाही. तुम्हीही थर्मामीटर, काटे, माणसं अशीच वापरता. काम झालं की खिळ्याला, आणि मग त्यांनी दिलेल्या आकड्यावर शपथा.

आजोबा आले तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधीच ती बोलली. "वय झालं नव्हतं, आजोबा. मी मारला. मीटर धुतलं नव्हतं, मीठ जास्त पडलं, वर औषध टाकलं."

आजोबांनी रिकामी बादली खाली ठेवली. "आणखी कुणाकुणाला आकडे दिलेत?"

तिनं वही उघडली. अठरा नावं होती.

काकांनी काउंटरवरचा तिचा फोन उचलून आपल्या खिशात घातला. "वेडी आहेस का? उद्यापासून कोण येईल इथे?"

तिनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं मला काउंटरवर, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, त्या साध्या पाण्याच्या पेल्यात उभं केलं आणि पहिला नंबर लावला.

"मी माशांच्या दुकानातून बोलतेय. मी तुम्हाला सांगितलेला आकडा चुकीचा आहे. आज मीठ टाकू नका. मी स्वतः येते, पाणी बघायला."