हातोडी वाजली आणि मी फिरलो

मित्रांनो, मी एका जुन्या बसचा स्टार्टर आहे. काही लोक मला सेल्फ म्हणतात. आज मी इंजिनाला चिकटून माझ्या जागी बसलो आहे, अंग स्वच्छ आहे, बोल्ट घट्ट आहेत, पण माझे चित्त अजून ठिकाणावर आलेले नाही. जे झाले ते माझ्याच हातून झाले आणि ते मला अजूनही खरे वाटत नाही. सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल.

स्टार्टर काय करतो, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. ते म्हणतात, "इंजिन सुरू झालं." जसे काही ते आपणहून उठले. अहो, इंजिन हा एक नंबरचा आळशी. त्याला कोणीतरी गदागदा हलवून उठवावे लागते आणि ते काम माझे. ड्रायव्हरने बटण दाबले की बॅटरीची वीज माझ्या अंगात शिरते. मी गरकन फिरतो आणि माझे छोटे दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकाला ओढून फिरवते. इंजिन धडधडू लागले की मी गुपचूप मागे सरतो. मग दिवसभर माझी कोणी आठवणही काढत नाही.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटातल्या तांब्याच्या तारा एका बाईंनी गुंडाळल्या. गुंडाळताना त्या शेजारच्या बाईंकडे आपल्या सुनेची तक्रार करत होत्या, पण तारेचा एक वेढा चुकला असेल तर शपथ. मग मला या बसला बसवले. बस तेव्हा नवीकोरी होती आणि तिचे ड्रायव्हर होते मामा. त्यांना सगळा डेपो मामाच म्हणायचा. थंडीच्या सकाळी शेजारच्या बस नुसत्या कण्हत असत आणि मी मात्र एका झटक्यात इंजिन उठवत असे. तेव्हा मामा डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास रे." ती थाप बससाठी असायची, पण शाबासकी माझी होती, हे मला पक्के ठाऊक होते.

माझ्या आत कार्बनचे छोटे ठोकळे असतात. त्यांना ब्रश म्हणतात. ते झिजले की वीज आत नीट पोचत नाही, म्हणून वेळच्या वेळी ते बदलायचे असतात. माझे ब्रश झिजले, पण मला उघडून बघायला सवड कोणाला होती? डेपोने सोपा उपाय शोधला. मला हातोडीने ठोकायचे. ठोकले की ब्रश जरा हलत आणि मी कसाबसा फिरत असे. बसचा कंडक्टर ताडमाड उंच होता, त्याला लंबू म्हणत. तो रोज सकाळी कुरकुरत बसखाली वाकायचा आणि मला दोन टोले हाणायचा. टोल्यांचा आवाज आला की वर बसलेले मामा बटण दाबायचे. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण होत नसे. आणखी एक खोड होती. मामांच्या सीटमागे बॅटरी होती आणि तिच्या वायरचा चिमटा सैल झाला होता. तो सारखा निसटायचा. मामा बसमध्ये चढले की आधी तिथे नजर टाकायचे, चिमटा पुन्हा बसवायचे, वर एक मूठ मारायचे. ही दोन्ही कामे त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

पुढे बस जुनी झाली आणि डेपोच्या मागच्या अंगणात जाऊन पडली. मामाही निवृत्त झाले. माझ्या अंगावर गंज चढला. लंबूची हातोडी परवडली, पण हे असे पडून राहणे नको, असे मला वाटू लागले.

मामांची एक भाची आहे. तिचे स्वतःचे गॅरेज आहे आणि ते तिच्या दोन हातांवर चालते. मामांनी तिच्यामागे भुणभुण लावली, "पोरी, एकदाच सुरू झालेली ऐकायचीय मला." शेवटी तिने बस ओढून गॅरेजमध्ये आणली. नवी बॅटरी लावून बटण दाबले, तर मी ढिम्म. ती म्हणाली, "स्टार्टर खाली काढावा लागणार."

भाची कामाला चोख. तिने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग ती बसखाली शिरली. माझ्या अंगावरच्या वायरीचा नट गंजून बसला होता, म्हणून तिने ठरवले की मला वायरीसकट खाली उतरवायचे आणि नट उजेडात काढायचा. एक बोल्ट निघाला. दुसरा तिने अर्धा सैल केला. पण मी गंजाने जागेवरच अडकलो होतो. तिने डावा हात माझ्या आणि शेजारच्या लोखंडी तुळईच्या मधे घालून मला धरले आणि उजव्या हाताने हातोडी उचलली.

त्याच वेळी वर मामा बसमध्ये फिरत होते. एकेका सीटवर हात फिरवत ते आपल्या जागेपाशी आले. मागे बॅटरीची वायर सुटलेली दिसली. "सुटली का पुन्हा," असे पुटपुटून त्यांनी चिमटा बसवला आणि सवयीने वर मूठ मारली. मग ते आपल्या सीटवर बसले.

मित्रांनो, वीज दाराशी आलेली मला कळली. मला ओरडायचे होते. पण बटणाशिवाय मला आवाज नाही.

खाली भाचीने मला हातोडीने ठोकले. एक टोला, दुसरा टोला. वर मामांचे बोट बटणावर गेले.

इतकी वर्षे मुका असलेला मी त्याच टोल्यांनी जागा झालो. तिने ठोकले नसते, तर मी हललोही नसतो. मी फिरलो आणि अर्ध्या सैल बोल्टवर माझे अख्खे धूड मुरगळून तुळईवर आदळले. मधे तिची बोटे होती. ती किंचाळली नाही. पाणी मागावे तशा आवाजात ती फक्त म्हणाली, "मामा."

वरून मामांचा आवाज आला. त्यात केवढा आनंद होता. "लागला बघ सेल्फ! काय म्हणत होतो मी?"

"मामा, वायर काढ. आधी वायर काढ."

वर मामांनी धडपडत उठून चिमटा ओढून काढला. 

डॉक्टरांनी सांगितले की दोन बोटांची हाडे मोडली आहेत. हाड जुळेल, पण बोटे पूर्वीसारखी हलतील का, हे प्लास्टर काढल्यावरच कळेल. मेकॅनिकच्या हाताबद्दल हे ऐकताना मामांचा चेहरा पांढराफटक पडला. गॅरेजमध्ये परतल्यावर ते जेवायलाही तयार होईनात. "मीच लावली गं वायर. माझ्या या हातानं."

भाची म्हणाली, "आणि ती मुद्दाम सोडलीय, हे मी कुठं सांगितलं होतं तुला? आता रडत बसू नकोस. माझा हात बांधलाय, तुझे दोन्ही मोकळे आहेत. काढ तो स्टार्टर."

ती स्टुलावर बसून सांगत गेली आणि मामा करत गेले. बॅटरीची वायर सुटलेलीच आहे, हे त्यांनी आधी तिला दाखवले. मला खाली उतरवले, उघडले, गंज खरवडला, आतली काजळी फडक्याने पुसली. झिजलेले ब्रश हातात आले तेव्हा ते कितीतरी वेळ बघतच राहिले. "एवढुसे? एवढ्याशासाठी आपण जन्मभर ठोकत बसलो?" मलाही तेच विचारायचे होते. नवे ब्रश बसले, तेलाचे थेंब पडले, आणि मी पुन्हा जागेवर आलो.

मित्रांनो, कोणत्याही यंत्राला ठोकून वेळ मारून नेऊ नका. त्याला उघडून बघा, त्याचे काय झिजले आहे ते विचारा. आणि एखादी वायर सुटलेली दिसली, तर ती लावण्याआधी मोठ्याने विचारा की ती कोणी सोडवली आहे आणि तो माणूस आत्ता कुठे आहे. सोडवणाऱ्यानेही हे इतरांना सांगून ठेवावे. मी कोणाला विचारू शकत नाही. बटण दाबले की मला फिरावेच लागते.

प्लास्टर निघाले त्या दिवशी भाचीने मामांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवले. ते बसायला तयार नव्हते. बोट बटणाजवळ नेऊन त्यांनी मागे घेतले. तेव्हा ती काचेसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. डाव्या हाताची दोन बोटे अजून सरळ होत नव्हती. मामांनी सगळी बोटे एकेक करून मोजली, मग बटण दाबले. मी फिरलो आणि इंजिन धडधडत उठले. ज्या आवाजासाठी त्यांनी एवढा हट्ट धरला होता, तो गॅरेजभर घुमत होता. मामांचे लक्ष तिकडे नव्हते. ते अजून तिच्या हातांकडेच बघत होते.