तेजजलाच्या बाटल्या

धुलाईघराच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यबाबांनी सकाळपासून कठड्यावर दोन काचेच्या बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या. एकीत साधं पाणी, दुसरीत शाईसारखं काळं तेजजल. आता त्यांनी पुढच्या बाईला दोन्हींना हात लावायला सांगितलं. साधी बाटली कोमट होती. काळीला बोटं टेकताच तिने हात मागे घेतला.

"ना जाळ, ना वीज," बाबा म्हणाले. "सूर्याला नुसतं 'या' म्हटलं. पण आलेल्या पाहुण्याला बसायला जागा नको? ती जागा म्हणजे तेजजल."

गर्दीने माना डोलावल्या.

मास्तर जिन्यापाशी अंग चोरून उभे होते. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, पण वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते मागे सरायचे. धुलाईघर त्यांच्या ताईचं. दवाखान्याच्या चादरी तिथे कडकडीत पाण्यात धुतल्या जात. गच्चीवरचा सोलर पाणी तापवी, कमी पडेल ते खालचा बॉयलर भागवी. सोलरच्या बंद नळ्यांतलं पाणी चादरींना लागत नसे, ते फिरून टाकीतलं पाणी बाहेरून तापवी; आता त्या नळ्यांत तेजजल भरायचं होतं. बाबांची अट एकच: घरातला अग्नी घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर सूर्य रुसतो. भंगारवाला बॉयलर न्यायला खाली येऊन थांबला होता.

"ताई, बॉयलर राहू दे. ढगाळ दिवशी काय करशील?"

"बाबा म्हणाले, ढगामागेही सूर्य असतोच."

"असतो गं. पण चादरी ढगाच्या अलीकडे असतात."

ताई हसली नाही. तेव्हा मास्तरांनी उसनं बळ आणलं. बॉयलरच्या धुराड्यातली चिमूटभर काजळी आणली, साबणाच्या पाण्यात घोटली, बाटलीत भरून उन्हात ठेवली. लोक कुरकुरत थांबले. दुपारी तीही बाटली तशीच तापली.

"स्वच्छ पाण्यातून ऊन आरपार जातं," मास्तर चाचरत म्हणाले. "काळ्यात ते अडकतं आणि पाणी तापवतं. एवढीच जादू. पण सोलरमध्ये आधीच काळा पत्रा आहे. ऊन तिथेच अडकतं. नळीतलं पाणी काळं केलंत म्हणून जास्त काय अडकणार? उलट काजळी खाली बसेल, नळ्या तुंबतील."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी मात्र शांतपणे विचारलं, "मास्तर, तुम्ही खोटं बोलणार नाही. पाण्यात बारीक कण मिसळून ऊन जास्त पकडता येतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात की नाही?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं.

"म्हणतात," मास्तर म्हणाले. "पण ते कण डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते खाली बसू नयेत म्हणून केवढी खटपट. यंत्रही वेगळं, फायदाही बेताचा, तो मोजून..."

'पण'च्या पुढचं टाळ्यांत बुडालं.

"मास्तरांनी कबूल केलं," मागून आवाज आला.

"शास्त्रज्ञ येतात, पण आमच्या मागून," बाबा म्हणाले.

इस्त्रीवाला मास्तरांच्या कानाशी लागला. "तुमचीही बाटली तापली की. हाताला गुण आहे तुमच्या. माझ्या घरी येता का?"

नळ्यांत तेजजल भरलं गेलं. बॉयलर गेला.

आधी ढगाळ दिवसांत पाणी गार राहू लागलं, मग लख्ख उन्हातही. गार पाण्यात डाग न निघालेल्या चादरी दवाखान्याने परत पाठवल्या आणि काम दुसऱ्याला दिलं. मास्तरांनी सोलरची नळी उघडली. आत काळा गाळ.

"बघ ताई."

ताईने तो बोटांत चोळून पाहिला. "काजळीच आहे. मला काय दिसत नाही?" मग ती हळूच म्हणाली, "पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तू शंका काढलीस रे. तेज निघून गेलं, काजळी तेवढी उरली."

मास्तरांनी नळी पुन्हा बंद केली. अशा बोलण्याला उत्तर असतं की नाही, हे सांगता येत नाही. बाकीच्यांना मात्र एक सांगायला हवं. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, काचेच्या बाटलीत नको, माझ्या यंत्रात दाखव. हात लावायला नको, तापमान मोजून दाखव. आणि ढगाळ दिवशीही ये. ताईला आता याचा उपयोग नाही. तुम्ही विचारा, आणि तुमचा बॉयलर दारात उभा आहे तोवर विचारा.