बुटका पळाला नव्हता

टेलरबाईंच्या दुकानात कापडाचं कपाट एक आणि कॉमिक्सची कपाटं दोन. यात काही वावगं आहे असं बाईंना अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कधी वाटलं नाही. ‘तुफान टपाल’चे सगळेच्या सगळे एकशे बारा अंक, आणि प्रत्येकाला गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचं कव्हर. मधे एका भल्या माणसाने त्यांना सुधारायचं म्हणून जाडजूड कादंबऱ्या आणून दिल्या. बाईंनी दोन वाचल्या आणि गठ्ठा परत केला. म्हणाल्या, “यातला माणूस खुर्चीतून उठायला चाळीस पानं घेतो. तेवढ्यात आमची टपालवाली दोन डोंगर ओलांडून पत्र देऊन येते.”

पण बाईंचा खरा जीव टपालवालीवर नव्हताच. तो होता तिची पिशवी वाहणाऱ्या बुटक्यावर. आणि बुटक्याचं नाव एकतिसाव्या अंकात कायमचं बद्दू झालं होतं. त्या अंकात पूल तुटतो आणि टपालवाली दरीवर लोंबकळते. बाविसाव्या पानावर बुटका तिला दोर टाकतो, तेविसाव्यावर पाठ फिरवून धूम ठोकतो, चोविसाव्यावर ती सुखरूप काठावर, आणि बुटक्याचा पत्ता नाही. वाचकांनी शिव्यांची पत्रं पाठवली. त्यानंतर बुटका मालिकेतून गेला तो गेलाच.

नेमका त्याच वर्षी बाईंचा दादा आवारातल्या पाण्याच्या हौदात पडला. तो दहा वर्षांचा, ही आठ. त्याला वर हिचं तोंड दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं. मग शेजारच्या काकांनी शिडी सोडून त्याला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर पठ्ठ्याने पहिलं काय सांगावं, तर “ही पळाली.” तिने दोनदा सांगून पाहिलं की काकांना मीच बोलावून आणलं. सगळे हसले. तिसऱ्यांदा सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. घरात तिचं नाव बुटकी पडलं, आणि कुणाच्याही लग्नात चार माणसं जमली की दादा तो किस्सा तिखटमीठ लावून सांगायचा. पन्नास वर्षं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

प्रकाशनसंस्था सगळे अंक एकत्र पुस्तकरूपात काढणार, असं कळल्यावर बाईंनी दुकानाला कुलूप लावलं. एकतिसाव्या अंकाची धड प्रत संस्थेकडे नव्हती, वाचकांकडे मागितली होती. बाईंकडे ती होती, अगदी कोरी करकरीत. त्यांनी ती कव्हरासकट पिशवीत घातली आणि कचेरी गाठली.

संपादिका तिशीची, डोळ्यांवर चष्मा, टेबलावर कागदांचा ढीग. अंक बघून तिचा चेहरा उजळला. “मावशी, तुम्ही तर देवासारख्या आलात. परवा छपाईला जातंय सगळं.”

“अंक देते,” बाई म्हणाल्या, “पण एका अटीवर. बाविसावं पान तेविसाव्याच्या जागी लावायचं आणि तेविसावं बाविसाव्याच्या.”

संपादिका गोड हसली. असं हसणं बाईंनी जन्मभर पाहिलं होतं. “मावशी, गोष्ट लोकांना पाठ आहे हो. कुणाला वाटलं म्हणून ती कशी बदलणार?”

“मला काही वाटत नाही. मला दिसतंय. तीन पत्रं लिहिली तुमच्या संस्थेला, एकाचंही उत्तर नाही.” बाईंनी अंक उघडला आणि बुटक्याच्या कोटावर बोट ठेवलं. “इथे दोर टाकतोय, आणि बाही बघा, कोपरावर फाटलीय. खिळ्यात अडकून टरकलीय. आता पुढचं पान. इथे पळतोय, आणि बाही धड. टाका नाही, ठिगळ नाही. चाळीस वर्षं फाटक्या बाह्या शिवतेय मी ताई, एकही आपोआप शिवली गेलेली पाहिली नाही.”

संपादिकेने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिने मालिकेच्या चित्रकारांना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. चित्रकार नव्वदीला टेकलेले. त्यांना बाहीचं सांगितलं.

“पानांवर नंबर छापखान्यात चिकटवायचे,” ते म्हणाले. “त्यांनी उलटे चिकटवले. मी मालकांकडे गेलो तर म्हणाले, पोरं वाचतात, कुणाला कळतंय. बुटका दोर आणायला पळाला होता हो. मग शिव्या आल्या तेव्हा मलाच त्याला काढून टाकायला लावलं.”

“मग आम्ही पुस्तकाच्या परवानगीची सही घ्यायला आलो तेव्हा का नाही बोललात?” संपादिका म्हणाली.

“तुम्ही सहीच मागितलीत.” मग त्यांनी विचारलं, “बाही कुणाला दिसली?”

“मला,” बाई म्हणाल्या.

पुस्तक आलं ते दादाच्या घरी बाईंनी स्वतः नेलं. “एकतिसावा वाच,” एवढंच म्हणाल्या आणि समोर बसल्या. दादाने वाचला. मागे जाऊन पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की पन्नास वर्षांची ही चूक एका टेलरबाईंनी दाखवून दिली.

दादाने पुस्तक मिटलं नाही. “त्या दिवशी काकांना शिडी घेऊन यायला कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोनदा बोलले. तू हसत होतास.”

दादाचे डोळे भरले. मग त्याने फोन उचलला आणि थोरल्या मुलाला लावला. “ऐक. ती हौदाची गोष्ट मी तुम्हाला चुकीची सांगत आलो. तुझी आत्या पळाली नव्हती, मदत आणायला गेली होती. हो, आत्ताच सांगायचंय. आणि तुझ्या बायकोलाही सांग.” मग धाकट्याला. मग मुलीला. मग ज्यांच्या ज्यांच्या लग्नात तो किस्सा सांगितला होता, त्यांचे नंबर तो डायरीतून शोधायला लागला.

बाईंनी त्याला अडवलं नाही. पाय वर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसल्या, आणि एखादं नाव तो विसरला की तेवढी आठवण करून देत राहिल्या.